नऊ मिनिटं

मारुती चौकाजवळ, पहिल्या मजल्यावर माझं क्लिनिक.
जिन्यात पुराची खूण आहे.
तिच्या वर पाच पायऱ्या चढून ठेवलंय यंत्र,
ज्याचे अजून एकोणीस हप्ते बाकी.

मालन खरमाटे, वय बावन्न, सावळजकडची.
'व्यवसाय' विचारल्यावर म्हणाली, "विरळणी."
म्हणजे मांडवाखाली दिवसभर मान मागं,
दोन्ही हात वर,
घडातले मणी कात्रीनं कमी करत जायचं,
उरलेल्यांना फुगायला जागा व्हावी म्हणून.
सव्वीस हंगाम.
आता उजवा हात कानापर्यंत येतो
आणि तिथंच अडतो.

"येणी सून घालती," म्हणाली,
"मुद्दाम घट्ट घालती."

तिला हिरवा चष्मा दिला, एक मी लावला.
"ह्ये काय, वेल्डिंग करताय व्हय?"
लाल ठिपका तिच्या खांद्यावर उतरला.
"ह्योच का त्यो लेसर?"
नाही, म्हटलं, हा नुसता वाटाड्या.
खरा उजेड दिसत नाही.
तो कातडीच्या आत जातो, स्नायूत, त्याच्याही खाली.
"दिसत न्हाई तर हाय कशावरनं?"
ऊब लागेल.
ती गप्प झाली. बऱ्याच वेळानं म्हणाली,
"लागली."

हात हलता ठेवायचा, एवढं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात.
इस्त्रीसारखंच हे, थांबलात की भाजतं.
आणि गोंदणावरून न्यायचा नाही कधी,
काळी शाई उजेड पिते, चटका बसतो.
मालनच्या दंडावर गोंदण आहे,
हिरवट, पसरलेलं, वाचता येईल इतपत:
दगडू.
"भाऊ," म्हणाली. "लहान हुतो तवा जत्रंत काढलं.
त्येच्या खालीच दुखतंय बगा. बरोब्बर खाली."

मी नावाच्या कडेकडेनं फिरवत राहिले,
विहिरीभोवती फिरावं तसं.
डावीकडून, वरून, काखेच्या बाजूनं.
तिनं विचारलं नाही का ते.
छताकडं बघत एवढंच बोलली,
"हक्कसोडीवर सही केली ती बी ह्याच हातानं."
यंत्रावर चार मिनिटं उरली होती.

चौथ्या सिटिंगला ती झोपली. घोरलीसुद्धा.
नऊ मिनिटं संपून यंत्र वाजलं
तरी मी उठवलं नाही, बाहेर दोघं थांबलेले असून.
घरी तिला असं दिवसाउजेडी
कोण आडवं होऊ देणार?
तेव्हा माझ्या मनात आलं,
की बरं नक्की कशानं वाटतंय हिला,
प्रकाशानं, की कुणी हाक न मारण्यानं?
पुस्तकात पेशींबद्दल लिहिलंय ते मी खोटं म्हणत नाही.
फक्त हप्ते भरताना असले प्रश्न
विचारून चालत नाहीत.

पाचव्याला आली नाही. विरळणी लागली होती.
बारा दिवसांनी आली ती हात पोटाशी धरून,
पण खूश. "येणी मी घातली, एकदाच. वाकडी आली."
पाठ वळवून दाखवली.
खरंच वाकडी होती, अर्ध्यातच सुटत आलेली.
रागवायचं होतं मला, व्यायामाचा कागद कुठं आहे विचारायचं होतं.
कागद तिनं ब्लाउजमधून काढला,
घामानं अक्षरं उतरलेली.
"भित्तीवर बोटं चढवायची ती चढीवते," म्हणाली,
"पण आमची भित्त पत्र्याची, तापती दुपारची."
मग सकाळी करा, म्हटलं.
सकाळी टोळीचा टेंपो येतो.

सहावं झालं. पैसे मोजून दिले तिनं,
पन्नासच्या नोटा, चिकट, द्राक्षाचा वास असलेल्या.
खिडकीतून बघत होते.
तासगावची एस.टी. वळली, माणसं पळाली,
आणि तिनं हात केला गाडीला,
चांगला डोक्याच्या वर.
उजवा होता की डावा,
मधे रिक्षा आली.